सुभेदाराची शिंक

मानसिंग : सुभेदार मेला, मौला. पडदा पडला तरी उठला न्हाई.

मौला : दादा, पडदा अजून उघडायचाय. तुमी कायबी बोलला न्हाईसा, मी कायबी ऐकलं न्हाई. मिशी चिकटवा.

मानसिंग : आज पलूस हाय. आपलं गाव. शेवटच्या अंकात मी मरणार आन् मेलेलाच ऱ्हाणार. शिंकणार न्हाई.

मौला : आवं, आपलं नाटकच शिंकेवर चालतंय!

मानसिंग : नाटकात शिंक लिवलेली न्हाई. कवठे महांकाळला अंगावरच्या चादरीला डांबरगोळीचा वास हुता, म्हणून आली.

मौला : आन् बायकोचं काम करणारी सुलाबाई रडता रडता वराडली, ‘‘आवं, जित्तं हायत की!’’ पब्लिक खुर्च्यांवर चढून नाचलं. तवापासनं गावोगाव तुमी मरताय आन् शिंकून उठताय. पोस्टरवर फोटो बी शिंकतानाचाच हाय.

मानसिंग : उंब्रजला न्हाई शिंकलो.

मौला : उंब्रजचं नाव काढू नका! पडदा पडला, पब्लिक हलंना, म्हणून परत वर केला. तुमी बी हलंना. शेवटी आतनं रश्श्याचा वास आला तवा तुमी उठलासा, आन् लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. आता कुणी धोका पत्करत न्हाई. घरनंच तपकीर आणून स्टेजवर फेकतात. मागल्या खेपंला अख्खी भैरवी मी शिंकत वाजवलीया.

मानसिंग : वीरधवल शिंकला हुता का रं?

मौला : दादा...

मानसिंग : माझ्या थोरल्या भावावर हाय हे नाटक. सीमेवरनं पेटीतनं आला त्यो. आन् आमी त्याच्या मरणावर लोकं हसवतोय. एकदा, आपल्या गावात तरी, नीट मरू दे त्याला. सलामी, शांतता, पडदा. बास.

मौला : बरं. चादर धुऊन आणतो. पन पहिल्या रांगंचं काय?

मानसिंग : कोण बसलंय?

मौला : बनुकाकी.

मानसिंग : आय? तिनं कवाच बघितलं न्हाई हे नाटक.

मौला : आज आलीया. मुठीत तपकिरीची डबी हाय.

मानसिंग : आमची आय तपकीर ओढत न्हाई.

मौला : न्हाईच ओढत. सकाळी माझ्याच दुकानातनं नेली. म्हणली, ‘‘सगळ्या गावांत माजं वीरू उठतंय म्हणं. आपल्याच गावात उठलं न्हाई तर?’’

मानसिंग : (मिशी चिकटवतो)

मौला : दादा, तिसरी घंटा झाली. लोकांना काय सांगू?

मानसिंग : सांग, उठवू नका म्हणून. पन सरकारी भाषेत सांग.

मौला : सरकारी भाषेत सांगितलं तर कोण ऐकणार?

मानसिंग : म्हणूनच.

मौला : (माईकवर) रसिक प्रेक्षकांना नम्र विनंती. सुभेदार मरण पावल्यानंतर त्यांना कोणीही उठवण्याचा प्रयत्न करू नये. जवळील तपकीर प्रवेशद्वारापाशी जमा करावी. सदर विनंती पहिल्या रांगेसही लागू राहील. हुकमावरून.