बाजूचं दार

अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका गावी जुन्या रेल्वे स्टेशनाचं संग्रहालय उघडत होतं. रांगेत दोन काळ्या, वृद्ध बहिणी होत्या.

“ताई, पुढे सरक की.”

“आपलं, काळ्यांचं बाजूचं दार कुठंय, ओडेसा?”

“बुजवलं. भिंत सुंदर दिसते म्हणे.”

“आणि ही पाटी? ‘इथं सारं गाव एकत्र गाडीची वाट पाहायचं.’ एकत्र? गोऱ्यांची रांग संपेस्तोवर आपल्याला तिकीट मिळायचं नाही. त्यातच आईची गाडी चुकली, आजोबांचं तोंड तिला शेवटचं दिसलं नाही.”

“रविवारीच पाद्रीबाबांनी प्रवचनात गाऊन सांगितलं ना, क्षमा करा.”

“करीन. आधी दार दाखवा म्हणावं.”

ताई रांग सोडून बाजूच्या नव्या विटांसमोर जाऊन उभी राहिली. पर्स सावरत ओडेसाही गेली.

“कुठवर थांबणार, ताई?”

“उघडेपर्यंत. आई थांबायचीच की.”