माळावरचा नळ

नगरपालिकेच्या व्हरांड्यात घरच्या नळाचा अर्ज घेऊन ताटकळलेला चंद्रभान डोळे मिटून बसला होता. आत सभेत वाद रंगला होता. शेजारी एक म्हातारं धनगर जोडपं येऊन टेकलं.

"काय म्हणायलेत वो आत?" म्हातारीनं दाराकडे कान लावलेल्या नवऱ्याला विचारलं.

"पुढं गाव माळापोतर वाढंल म्हणायलेत. आताच पाण्याचा पाइप अन् गटार तिथवर न्यायचं."

"माळावर तर कुणीच ऱ्हात न्हाई."

"ऱ्हातील. अजून जल्मले न्हाईत ते."

"आपला मल्हारी हाय की तिथं. पाळण्यातलं लेकरू, आपल्याच हातानं पुरलं बाभळीखाली."

"म्हून तर आलोत. तेवढी जागा सोडा, म्हनून सांगतो."

म्हातारीनं त्याची बाही धरली.

"नळ आला की लेकरं जमतेत न्हाई, भिजायला?"

"जमतेत की."

"मग उठा. काई सांगू नका. लय दिवस एकटंच हाय ते."