काकांनी चंद्रावर इंधन वाचवलं

आमचे काका चंद्रावर आपटून मेले, तेही भरल्या टाकीनं. ऐका तर.

मामेभाऊ अमेरिकेतनं आला, तेव्हा त्यानं खिशात मावणारा कॉम्प्युटर आणला होता. त्यात एक खेळ होता. यान चंद्राकडं पडत असतं, उंची आणि वेग आकड्यांत दिसतात, आणि दर वेळी किती इंधन जाळायचं ते आपण सांगायचं. सावकाश टेकलं की जिंकलो.

धाकट्या बहिणीला, सुमीला, मॅट्रिकनंतर सायन्स घ्यायचं होतं. काका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरात म्हणायचे, पोरींना ते झेपत नाही. मी कॉलेज सोडलेला, माझं कोण ऐकतो?

काकांनी मामेभावाच्या हातातलं यंत्र हिसकावलं. जन्म रॉकेलच्या रांगेत गेलेला माणूस तो. दर वेळी थेंबभर इंधन जाळलं आणि यान आदळलं.

"काका, टाकी भरलेली ठिवून मेलात की," सुमी म्हणाली.

मग तिनं यंत्र घेतलं. तीही आधी दोनचारदा आपटली. मग यान मोकळं पडू दिलं, जमीन जवळ येताच भसाभस इंधन जाळलं आणि अलगद टेकवलं.

"नशीब," काका म्हणाले.

"नशीब असंल तर परत न्हाय व्हायचं." तिनं परत उतरवलं. मग आणखी एकदा.

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. "घे सायन्स. पण ते यंत्र दे हिकडं. ते उतरवल्याशिवाय मी जेवणार न्हाय."

सुमी सायन्सला गेली. काका त्या दिवशी उपाशी झोपले.