मामंजींच्या दातांचं पानी

माझं माहेर शेवगावाकडचं, सगळा कोरडवाहू मुलूख, बाजरी खायची आन आभाळाकडं बघायचं, तिथनं मला दिली इकडं नेवाशाला, प्रवरंच्या काठी, का तर म्हनं पोरगी पान्याला मोताद होनार न्हाई. आन काय सांगू तुमाला, पान्यानंच माझा जलम बांधला. सकाळी उठले का पयलं त्या वाडग्यातलं पानी वतायचं आन दुसरं भरायचं. तुमी मघापासनं कोनाड्याकडं बघताय, मला दिसलं. ते आमच्या मामंजींचे दात हायेत. भिऊ नका. मी भ्याले लई वरसं, आता न्हाई भीत. न्हाई, खोटं कशाला बोलू, भीतेच.

मामंजी म्हंजी माझे सासरे. तवा सून सासऱ्याम्होरं उभी ऱ्हात नव्हती, पदर नाकापत्तुर, बोलायचं तर नावच नको. त्यांना तहान लागली का ते खाकरायचे, मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायचे. एका घरात ऱ्हायलो, पन एक शब्द न्हाई. मानूस गरीब, बैलावर लई जीव. मोटंचा बैल हौदावर आनला का मामंजी बारीक, लांबलचक शीळ घालायचे, मग बैल मुंडी खाली घालायचा. त्या शिळंबिगर तो पानी पीत नव्हता, दुसऱ्या कुनाच्या शिळंला तर कान बी हलवत नव्हता. पुढं तंबाखूनं हिरड्या सडल्या, दात हलाय लागले, वैदूनं एकेक करून सगळे उपटले, तोंडाचं बोळकं झालं. भाकर दुधात कुस्करून खायचे, त्याचं त्यांना काई वाटलं न्हाई, पन शीळ गेली. नुसता वारा निघायचा. बैल त्यांच्याकडं बघत उभा ऱ्हायचा आन मामंजी हौदाच्या काठावर बसून रडायचे, मी पदराआडनं बघितलंय.

लढाईचे दिवस हुते, रॉकेल मिळत नव्हतं, नगरच्या छावनीत गोरे भरले हुते. माझे धाकटे दीर तिथं कामाला, ते म्हनाले आबा चला, सोल्जरांचे दात करतो तो डाक्टर माझ्या वळखीचा हाय. डाक्टरनं तोंडात मेन दाबून ठसा घेतला, लई हेलपाटे झाले, मग कवळी आली, वरची आन खालची, तांबड्या रबराच्या हिरड्या आन पांढरेफेक दात. गावात बोलवा उठली का हे लढाईत मेलेल्या गोऱ्यांचे हायेत, मढ्याच्या तोंडातनं काढून बसवत्यात. आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, हातच जोडले, म्हनाल्या मी शिवनार न्हाई, सून करंल.

मग सून करायला लागली. दिरांनी समजावलं, वैनी, निजताना काढून गार पान्यात ठेवायचे, कढत पानी लावायचं न्हाई, राखुंडीनं घासायचे न्हाईत, आन कोरडे पडू द्यायचे न्हाईत, वाकत्यात, मग तोंडात बसत न्हाईत. मामंजी वाडगं उंबऱ्यावर ठेवून खाकरायचे आन बाजूला व्हायचे. ज्या मानसाचं तोंड मी कधी नीट बघितलं न्हाई त्याचे दात माझ्या तळहातावर, बघा म्हंजी. आधी अंगावर काटा यायचा, मग सवय झाली, दातात भाकरीचा कन अडकलेला दिसला का बरं वाटायचं, मानूस जेवला म्हनून. आन एक दिवस हौदावरनं शीळ आली. मी तव्यावरची भाकर करपू दिली, पन ऐकली. त्या दिवशी वाडगं ठेवताना मामंजी भिंतीला सांगितल्यावानी म्हनाले, पोरीचा हात चांगला हाय. जल्मात तेवढंच बोलले.

पुढं मामंजी झोपंतच गेले. दात वाडग्यात. रडारड झाली, मानसं जमली, तोंडात सोन्याचा कन आन तुळशीचं पान घातलं, आन बोळक्या तोंडानंच त्यांना तिरडीवर बांधाय लागले. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले, म्हनले दात ऱ्हायले, तर त्या म्हनाल्या गप बस, मढ्याचे दात त्यांच्या तोंडात घालतीस व्हय. नेले त्यांना. वाडगं कोनाड्यात तसंच. सुतकात कुनी हात लावंना, मला बी लावू देईनात, आन पानी रोज खाली खाली चाललं. मी येता-जाता बघायचे, आन माझा जीव खाली खाली जायचा.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे हे एवढे, पन एक खाली येईना. आमचे मालक हात जोडून म्हनाले, आबा, आईला सांभाळीन. न्हाई. दीर म्हनाले, बैल इकनार न्हाई. न्हाई. भाऊबंदांनी काय काय कबूल केलं, ऊन डोक्यावर आलं, भटजी म्हनाले आता दर्भाचा कावळा करून शिवू. मला ऱ्हावलं न्हाई. भरल्या गडीमानसांत मी म्होरं झाले आन म्हनले, मामंजी, दातांचं पानी मी बदलीन, मी हाय तवर कोरडे पडू देनार न्हाई. त्यांच्याशी बोललेलं ते माझं पयलं बोलनं. तोंडातला शब्द सरला न्हाई तर कावळा उतरला.

घरी येऊन आधी वाडगं भरलं. आन हौदाकडनं शीळ आली. बैलानं मुंडी घातली, पानी प्याला. दीर म्हनाले दात नदीत सोडू, मी म्हनले शब्द गेलाय. एकदा बापाच्या दुखन्यात माहेरी गेल्ते, पानी ऱ्हायलं, तर बैल हौदाला तोंड लावंना, मालक सोता मला न्यायला आले. आता मालक न्हाईत, बैल न्हाई, मोट जाऊन मोटार आली, हौद फुटला. शीळ येती.

आता माझं बी बोळकं झालंय. पोरगा म्हनतो नगरला चल, कवळी करू. मी म्हनते नगं बाबा, माझे कोन सांभाळनार. मला मरनाचं भ्या न्हाई, भ्या एवढंच का मी गेल्यावर ते पानी आटंल. सुनंला सांगून ठेवलंय, माझ्या दहाव्याला कावळा अडला तर उगं काईबाई कबूल करत बसू नका, पोरी, तू म्होरं हो आन पान्याचं म्हन. ती हसायची, म्हनायची आत्या, तुमचं आपलं काईतरी. बोलकी हाय, माझ्याम्होरं पदर घेत न्हाई, घेऊ बी नये. पन काल मला उठायला उशीर झाला, बघते तर वाडगं ताज्या पान्यानं भरलेलं. मी इचारलं, शीळ ऐकलीस का गं. ती चूल फुंकत बसली, माझ्याकडं बघंना. देव तिचं भलं करो.