कमरेतलं डोक्यात

कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघणाऱ्या संयोगिताच्या कानावर मागच्या बाकावरून जोतीराम आणि बायडाबाई या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं पडलं.

“स्टेमसेलचं इंजेक्शन घेतलं की हाताची थरथर थांबती म्हणं,” जोतीराम म्हणाला.

“मागल्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले?”

“अजून सिद्ध झालेलं न्हाय म्हणाले.”

“त्या पेशी काढत्यात कुठनं?”

“कमरंतनं. मग धाडत्यात डोक्यात.”

“म्हंजे तुमचं बूड डोक्यात जाणार?”

“हळू बोल की! जाहिरातीत एक पेशंट चक्क नाचत हुता.”

“अवं, नाचायला तुम्हास्नी आधी तरी कुठं येत हुतं?”

“नाचायचं न्हाय गं. चारचौघांत न सांडता चहा प्यायचाय.”

बायडाबाईनं त्याचा हात आपल्या हातात घेतला.

“इंजेक्शन ऱ्हाऊ द्या. तुमचा कप अर्धाच भरू. उरलेला मी पिते की.”

“व्हय! म्हंजे दुखणं माझं आन् चहा तुझा वाढला!”