पेढा हरणाच्या मागावर

चंद्रशेखर : अगं, बिस्कीट आधी का दिलंस? आधी माग काढायचा, मग बिस्कीट. सातव्यांदा सांगतोय.

अनुराधा : तो माझ्याकडे बघत होता.

चंद्रशेखर : तो दिवसभर तुझ्याकडेच बघतो. उद्या घरमालकाच्या, त्या अबू तुर्कीच्या शेतावर त्याला हरणाकडे बघायचंय.

कादिर : शेखरभाऊ, असा चिडून कुत्रा शिकत नाय. आमचे आजे दापोलीकडं भेकराच्या मागावर कुत्रे सोडायचे, पण कदी आवाज चढवला नाय.

चंद्रशेखर : तुझ्या आज्यांचे कुत्रे कमरेएवढे असतील, कादिर. हा माझ्या बुटाएवढा आहे. पामेरियन आहे. याच्या खानदानात कुणी सोफ्यावरून खाली उतरलेलं नाही.

अनुराधा : मग घरमालकाला सांगितलंत कशाला, शिकारी कुत्रा आहे म्हणून?

चंद्रशेखर : काय सांगणार होतो? तो दारात उभा. बिल्डिंगमधल्या लोकांची तक्रार, कुत्रा लिफ्टमधून जातो, त्याला घालवा. आमच्या धर्मात कामाचा कुत्रा चालतो, शिकारीचा असता तर गोष्ट वेगळी, म्हणाला. आणि तू दाराआड उभी राहून नाक ओढत होतीस. गेलं तोंडातून निघून. शिकारीचाच आहे म्हटलं, हरणाचा माग काढतो.

अनुराधा : ससा म्हणायचं.

चंद्रशेखर : त्या वेळी हरीण सुचलं. मला काय माहीत त्याच्या शेतावर तीस हरणं पाळलेली आहेत म्हणून? केवढा खूश झाला. म्हणे, गोळी लागलेलं हरीण उंच गवतात शिरलं की आमच्या माणसांना सापडत नाही, शुक्रवारी घेऊन ये तुझ्या कुत्र्याला. अकरा वर्षं बँकेचं कॉम्प्युटर खातं सांभाळतोय मी, आणि गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत रियाधच्या कडेला, या सुलै भागातल्या गोदामात हरणाचं कातडं ओढत फिरतोय.

कादिर : गोदाम माझा हाय भाऊ, कातडा मी आणला, आन् ओढतोय पन मीच.

चंद्रशेखर : हो रे बाबा, उपकार आहेत. ओढ परत एकदा. त्या पाइपांच्या मागून ने, ट्रकला वळसा घाल आणि कंटेनरच्या आड ठेव. अनुराधा, त्याचे डोळे झाक.

अनुराधा : डोळे कशाला, तो नाकानं शोधणार ना?

चंद्रशेखर : झाक म्हटलं ना.

कादिर : ठेवला. सोडा आता.

चंद्रशेखर : पेढ्या, हे हुंग. हुंग नीट. शोध. अरे शोध. बसलास काय? कादिर, हा खाली बसला.

कादिर : विचार करत असंल.

चंद्रशेखर : तो चप्पल चाटतोय माझी. ए, तिकडे. अगं, तू हसू नकोस, त्याला वाटतं त्यानं काहीतरी चांगलं केलं.

अनुराधा : मी हसत नाहीये. उन्हानं डोळे बारीक झालेत.

कादिर : बगा, बगा, उठला. चालला पाइपांकडं.

चंद्रशेखर : जातोय खरा. नाक खाली आहे. ट्रकला वळतोय. अगं, हा खरंच जातोय. शाबास रे. गेला कंटेनरमागे. भुंकत का नाही पण? सापडलं की भुंकायचं, हे पंधरा दिवस शिकवलंय. कादिर, बघ जाऊन.

कादिर : भाऊ, सापडला त्याला.

चंद्रशेखर : मग?

कादिर : त्याच्यावर झोपलाय.

चंद्रशेखर : झोपलाय.

कादिर : गुंडाळी करून. मऊ लागला असंल.

चंद्रशेखर : बास. खलास. हे ध्यान उद्या अबू तुर्कीच्या तीस पाहुण्यांसमोर माझी अब्रू घालवणार. अनुराधा, मी सरळ सांगतो, याला इथंच ठेवू. कादिरकडे अंगण आहे, माणसं आहेत. अबू तुर्कीला सांगतो, दिला देऊन. तुला दर गुरुवारी आणीन भेटायला.

अनुराधा : आणि शनिवार ते बुधवार?

चंद्रशेखर : शनिवार ते बुधवार काय?

अनुराधा : काही नाही. ओढा कातडं.

चंद्रशेखर : अगं, विद्यानं फायनल एक्झिटवर, कायमची भारतात परत जाताना तुझ्या गळ्यात बांधला हा. हॉस्पिटलातला करार संपला, डॉक्टरीणबाई निघून गेल्या नाशिकला, कुत्रा आपल्या डोक्यावर. आपण मागितला होता का?

अनुराधा : मी मागितला होता.

चंद्रशेखर : कधी?

अनुराधा : आपला उन्मेष शिकायला पुण्याला गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ती दुसऱ्या कुणाला तरी देणार होती. मी म्हटलं, मला दे. तुम्हाला सांगितलं ती गळ्यात बांधून गेली, कारण तुम्ही कारणं विचारली असती.

चंद्रशेखर : विचारली असती तर काय बिघडलं असतं?

अनुराधा : तेव्हा मला सांगता आली नसती. कादिरभाई, उठवा त्याला. अजून उजेड आहे, आणखी चारदा होईल.

कादिर : वैनी, हा नाय होनार शिकारी. खोटा कशाला सांगू.

अनुराधा : ते मलाही दिसतंय. तरी उठवा. प्रयत्न न करताच तो गेला असं मला वाटायला नकोय.

(शुक्रवार, संध्याकाळ. खर्ज गावाच्या रस्त्यानं कादिरची गाडी रियाधकडे निघाली आहे. मागच्या सीटवर अनुराधा, मांडीवर पेढा, त्याच्या अंगभर कुसळं. पुढे चंद्रशेखर. तो पट्टा बोटांभोवती गुंडाळतोय, सोडतोय.)

अनुराधा : कुणी सांगणार आहे का मला? मी बायकांच्या खोलीत घरमालकिणीबरोबर, उम्म तुर्कीबरोबर, कहवा, त्यांची ती कॉफी, पीत बसले होते. ती अरबीत बोलत होती, मी माना डोलावत होते. एवढ्यात हा दारातून आत, आणि थेट मांडीवर. त्या बायका उठून भिंतीला चिकटल्या. बाहेर काय झालं?

चंद्रशेखर : काय व्हायचंय. शोभा झाली.

कादिर : मी सांगतो वैनी. सगळे पाव्हने गालिच्यावर बसलेले. सकाळी मारलेल्या हरनाचा कातडा त्यांच्या मानसानं पार गवताच्या टोकापर्यंत ओढत नेलान. भाऊंनी पेढ्याला हुंगवला, पट्टा सोडला, बोलले, शोध. आन् ह्यो वळला उलटा. बकऱ्यांच्या गोठ्यातनं, पान्याच्या पाटातनं, कुंपनाखालनं, जो सुटला तो तुमच्याकडं.

चंद्रशेखर : मी मागे धावतोय हाका मारत. आणि बायकांच्या बाजूला गेल्यावर मला पुढे जाता येईना. उभा राहिलो तिथंच, हातात पट्टा धरून.

अनुराधा : हसले असतील सगळे.

कादिर : पाव्हने हसले. अबू तुर्की नाय हसला. ते काय मला बरा वाटला नाय. भाऊंना जवळ बसवलान आन् बोलला, हा शिकारी नाय, तू माझ्याशी खोटा बोललास. आता खरा सांग, हा तुझ्या घरात करतो तरी काय?

अनुराधा : मग?

चंद्रशेखर : कादिर, समोर बघून चालव.

अनुराधा : तुम्ही थांबा. काय म्हणाले हे?

कादिर : भाऊंचा अरबी म्हंजे बँकेतला, फॉर्म भरण्यापुरता. पन समजला सगळ्यांना. बोलले, मी सातला जातो, रात्री आठला येतो. पोरगा शिकायला गेला. तेरा तास बायको घरात एकटी असते. मी जिन्यातनं वर येताना मला ऐकू येतं, ती ह्या कुत्र्याशी बोलत असते. भाजीला काय टाकलं, पोराचा फोन आला काय, सगळा. मी दार उघडला की गप होते.

अनुराधा : असं म्हणाले?

कादिर : आनखी बोलले. ती माझ्याशी बोलत नाय, ह्याची मला लाज वाटते, बोलले. हा गेला तर माझ्या घरात कुनी बोलनार नाय.

अनुराधा : आणि तो काय म्हणाला?

कादिर : आदी कहवा ओतलान भाऊंच्या पेल्यात. मग बोलला, घर राखनारा कुत्रा ठेवायला हरकत नाय. तुझा घर हा राखतोय. ऱ्हाऊ दे. फक्त लिफ्टमधनं नको, जिन्यानं न्या.

अनुराधा : चार मजले आहेत.

चंद्रशेखर : मी नेईन सकाळचा. सातच्या आधी.

अनुराधा : अनोळखी तीस माणसांसमोर सांगितलंत. मला नाही कधी सांगितलंत.

चंद्रशेखर : त्यानं विचारलं. तू कधी विचारलं नाहीस.

अनुराधा : रोज विचारते. पानं वाढताना.

चंद्रशेखर : काय विचारतेस?

अनुराधा : दिवस कसा गेला.

चंद्रशेखर : मग मी सांगतो की.

अनुराधा : तुम्ही म्हणता, गेला.

चंद्रशेखर : हं.

अनुराधा : तेवढं म्हणता आणि पोळी मागता. मग मी पण काही बोलत नाही. याच्याशी बोलून झालेलं असतं, परत कोण सांगणार.

चंद्रशेखर : वाईट वाटतं मला त्याचं. जिन्यात कधी कधी थांबतो मी, तुझं बोलणं संपेपर्यंत.

अनुराधा : बरं. आजचा कसा गेला?

चंद्रशेखर : कादिर, जरा सावकाश चालव. सांगायला वेळ लागेल.