खाली बघून पाय टाक

बार्शी गाडीच्या रांगेत बजाबाईंच्या पुढं शेवंता पारधीण अन् कॉलेजातली एक तरणी बाई बोलत होत्या. बजाबाईंनी गाठोडं सरकवलं अन् कान तिकडं लावला.

“आदी सांग, माळावरची आमची पालं उटवनार का ऱ्हाऊ देनार?”

“राहणार, आजी. वनखात्याच्या साहेबांनी माळढोकावरचा माझा अहवाल वाचला.”

“काय लिवलंस त्यात?”

“अंड्यावर बसलेल्या माळढोक पक्षिणीला पारधी हात लावत नाहीत, हा तुमचा नेम.”

“आन् तू अंड्यावर पाय देत हुतीस, मी दंड धरून वडली, ते?”

“तेही लिहिलं.”

“सोताची फजिती लिवलीस? साहेब काय म्हनला?”

“पोट धरून हसले. म्हणाले, माळाची राखणदार आजींनाच करा.”

“आज्या-पणज्यापास्नं आमीच हाय की. त्याला आत्ता कळलं व्हय?”

“मग कळवू ना, तयार आहात म्हणून?”

“कळव. पन माळावर यायच्या आदी त्यानं मला इचारायचं. आन् माज्या मागनं चालायचं.”

गाडी लागली. तरणी बाई धावत पायरी चढणार, तोच म्हातारीनं तिचा दंड धरला.

“खाली बगून.”

मागं बजाबाईंनीही खाली बघूनच पाय उचलला.